आधी ओळख, मग सॅल्यूट : लष्करी ठाण्यांच्या स्टेशन कमांडर साहेबांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या लष्करी ठाण्यांचे स्टेशन कमांडर साहेब,
आणि गेटवरचे नियम ज्यांच्या सहीने निघतात ते सर्व अधिकारी

साहेब, जय हिंद.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा निवृत्त हवालदार. १७ वर्षे पलटणीत काढली. घरी येऊन वर्षभर शेती पाहिली आणि मग लष्करी ठिकाणांचा पहारा करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये, आपण ज्याला डीएससी म्हणतो तिथे, पुन्हा भरती झालो. ती सगळी वर्षे गेटवर गेली. डेपोचे गेट, दवाखान्याचे गेट, फॅमिली क्वार्टरचे गेट. आता खटाव तालुक्यात गावी असतो आणि औषधाला, कॅन्टीनला, पेन्शनच्या कागदाला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गेटसमोरच्या रांगेत उभा राहतो. गेट दोन्ही बाजूंनी पाहिलेला माणूस म्हणून हे पत्र लिहितो आहे. पुढची गोष्ट ज्या ठाण्यावर घडली त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एखाद्या संत्र्याला, म्हणजे पहाऱ्यावरच्या जवानाला, अडचणीत आणून काही साधणार नाही, आणि मला जे म्हणायचे आहे ते एका गेटपुरते नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या पलटणीतल्या एका मित्राच्या पत्नीला घेऊन मी गेटवर आलो. मित्र जाऊन नऊ वर्षे झाली. वहिनी पासष्टीच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी घ्यायची होती. पहाटेची एसटी, मग दुसरी एसटी, मग रिक्षा असे करत साडेनऊला गेटवर पोहोचलो. गेटवर जेमतेम विशीचा जवान होता. त्याने वहिनींचे ईसीएचएसचे कार्ड पाहिले, मग आधार मागितले, दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि म्हणाला, “दोनों पे नाम अलग है. एंट्री नहीं मिलेगी.”

नावे वेगळी होतीच. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत होती, अजूनही पुष्कळ घरांत आहे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिहितो आणि त्या दिवसापासून माहेरची मुलगी सासरी दुसऱ्याच नावाने वावरते. माझ्या मित्राने लग्नानंतर युनिटमध्ये बायकोची नोंद करताना माहेरचे नाव दिले. तेच रेकॉर्ड ऑफिसात गेले, तेच पेन्शनच्या कागदावर आले, तेच कार्डावर छापले गेले. रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र आणि आधार मात्र गावात झाले, तिथे सगळे तिला सासरच्या नावाने ओळखतात. माझ्या एकट्या गावात अशा चार बायका आहेत. साताऱ्याकडच्या फौजी गावांत घरोघर फिरलात तर किती निघतील ते तुम्हीच बघा.

मी जवानाला हे सांगून पाहिले. तो उद्धट नव्हता. पण त्याला जेवढे शिकवले होते तेवढ्यात हे बसत नव्हते, आणि ज्याला विचारायचे तो गार्ड कमांडर दुसऱ्या गेटवर गेलेला होता. पॉलिक्लिनिकचा फोन वाजत राहिला. गेटबाहेर बसायला बाक नव्हता, सावली नव्हती. पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर वहिनी पदर डोक्यावर घेऊन बसल्या. सव्वादोन तास बसल्या.

त्या सव्वादोन तासांत मी गाड्या मोजल्या. जुनी सवय आहे, जात नाही. ४१ गाड्या आत गेल्या. पूर्ण थांबून, काच खाली करून, चालकाचे कार्ड हातात घेऊन पाहिले गेले अशा तेरा. बाकीच्यांना हात दाखवला गेला, काहींना कडक सॅल्यूट मिळाला. एक पांढरी मोठी गाडी होती, मागच्या काचांना काळी फिल्म, पुढच्या काचेवर लाल अक्षरांत ‘आर्मी’ असे स्टिकर. तसले स्टिकर कुठल्याही शहरात गाड्यांच्या सामानाच्या दुकानात शे-दीडशे रुपयांत मिळते. बॅरियर तिच्यासाठी आधीच वर गेला. आत कोण बसले होते ते संत्र्याला दिसले नसणार, कारण मलाही दिसले नाही. असेल एखादे साहेबच. पण ‘असेल’ हा शब्द गेटवर चालत नाही, हे मला फौजेने शिकवले आहे.

शेवटी एक सुभेदार साहेब पायी बाहेर येत होते, त्यांनी वहिनींना बघून चौकशी केली. वहिनींनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले नवऱ्याचे डिस्चार्ज बुक काढले. साहेबांनी ते उघडले, आणि बुक स्वतःच्या हातात मिटून धरून विचारले, “माताजी, साहब का नंबर याद है?” वहिनींना वाचता येत नाही. पण त्यांनी नवऱ्याचा आर्मी नंबर एका दमात सांगितला, आकड्यामागून आकडा, शेवटच्या अक्षरासकट. सगळ्या फौजी बायकांना तो पाठ असतो. वर्षानुवर्षे दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या प्रत्येक पत्रावर तो घालावा लागायचा. साहेबांनी मग पलटण विचारली, कंपनी विचारली, नवरा कुठे कुठे होता ते विचारले. कार्डावरचा फोटो आणि चेहरा नीट ताडून पाहिला. मग स्वतः रजिस्टरवर सही केली आणि सोबत एक जवान देऊन वहिनींना आत पाठवले. तोवर चिठ्ठीची खिडकी बंद झाली होती. आम्ही त्या दिवशी तसेच परत आलो.

साहेब, त्या सुभेदार साहेबांनी नियम मोडला नाही. नुसता नंबर पाठ आहे म्हणून कोणाला आत सोडू नये, हे मलाही कळते. नंबर चोरता येतो. त्यांनी नंबर ऐकून आणखी चार प्रश्न विचारले, कागद पाहिला, चेहरा पाहिला, जबाबदारी घेतली आणि सोबत माणूस दिला. याला मी ओळख पटवणे म्हणतो. आणि माझी सगळी तळमळ एवढ्याच एका गोष्टीची आहे, की आपल्या गेटवर थांबवणे शिल्लक राहिले आहे आणि ओळख पटवणे सुटत चालले आहे.

आपल्या संत्र्याची जुनी ललकारी तुम्हाला सांगायला नको. इंग्रजांच्या ‘हू कम्स देअर’चे आपल्या शिपायांच्या तोंडी ‘हुकुमदार’ झाले. पुढे हिंदीत ‘थम, कौन आता है’ आले. पण ललकारी तिथे संपत नाही. समोरून ‘दोस्त’ असे उत्तर आले की संत्री म्हणतो, ओळख पटवण्यासाठी पुढे ये. म्हणजे आधी थांबवायचे, मग जवळ बोलवायचे, मग बघायचे. पायी आलेल्या म्हातारीला आपण थांबवतो आणि पुढे बोलवत नाही. मोठ्या गाडीला आपण थांबवतच नाही. दोन्हीकडे ओळख राहून जाते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिचे वजन मला ठाऊक आहे. भरती होऊन तिसरे वर्ष असेल. संध्याकाळच्या वेळी गेटवर माझी ड्यूटी. हिरव्या रंगाची जीप आली, पुढे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर मेजरचे चिन्ह, आवाज करडा, “बॅरियर उठाओ, देर हो रही है.” मी टाचा जुळवल्या, सॅल्यूट ठोकला आणि बॅरियर उचलला. अर्ध्या तासाने कोतजवळ, म्हणजे शस्त्रागाराजवळ, एक लाकडी पेटी सापडली. तिच्यावर खडूने लिहिले होते ‘बम’. पेटी रिकामी होती. गेटची परीक्षा घ्यायला दुसऱ्या युनिटमधून माणसे पाठवली होती आणि तो मेजर मुळात नायक हुद्द्याचा जवान होता. मला सात दिवस पिठ्ठू, म्हणजे पाठीवर ओझे बांधून पळायची शिक्षा, मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. सातव्या दिवशी आमचे उस्ताद शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “पोरा, ती पेटी भरलेली असती तर कोतमध्ये कोण होते आठव.” कोतमध्ये त्या वेळी माझ्याच गावचा एक जण होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी आधी ओळख घेतली, मग सॅल्यूट केला. एकदाही कोणत्या खऱ्या अधिकाऱ्याने त्याबद्दल मला बोल लावला नाही. चिडले ते ज्यांच्याकडे कार्ड नव्हते ते.

रुबाब बघून वाट सोडण्याची किंमत देशाने किती वेळा मोजली आहे, ते तुमच्यापुढे मांडणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे होईल. तरी मांडतो, कारण हे पत्र गेटवरची पोरेही वाचतील.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधून आले. वर लाल दिवा, काचेवर गृह मंत्रालयाचे स्टिकर. ती गाडी आवारात शिरली. त्या माणसांचा संशय आला तो सीआरपीएफच्या शिपाई कमलेश कुमारी यांना. हातात वॉकीटॉकी, शस्त्र नाही. त्यांनी ओरडून सावध केले आणि तिथेच गोळ्या झेलल्या. मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. स्टिकर आणि दिवा बघून गाडी आत आली होती, आणि एका बाईने त्या पलीकडे बघितले, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

पाच महिन्यांनी, १४ मे २००२ ला, जम्मूजवळ कालूचक. तेव्हा मी पलटणीच्या शेवटच्या वर्षात, संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज सीमेवर नेली त्या ऑपरेशन पराक्रममध्ये सीमेवर होतो. लष्करी गणवेशातले तिघे बसमधून आले, बसमधल्या प्रवाशांवर गोळ्या चालवल्या आणि जवानांच्या फॅमिली क्वार्टरमध्ये घुसले. तिसाहून जास्त माणसे गेली, त्यांत जवानांच्या बायका आणि मुले होती. आम्ही सीमेवर होतो आणि आमच्यातल्या काहींची कुटुंबे तशाच क्वार्टरमध्ये होती. त्या रात्री खंदकात कोणी जेवले नाही.

मी डीएससीतून घरी आलो आणि त्याच हिवाळ्यात, २०१६ च्या जानेवारीत, पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. हल्लेखोरांनी आधी एका पोलीस अधीक्षकाची निळ्या दिव्याची गाडी पळवली होती. हवाई तळात ते भिंतीवरून शिरले, गेटवरून नव्हे, हेही खरे. गेलेल्या सात जणांत पाच डीएससीचे होते, माझ्यासारखेच दुसऱ्यांदा वर्दी चढवलेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जम्मूजवळ नगरोट्याच्या लष्करी ठाण्यात हल्लेखोर पोलिसांच्या वर्दीत आले. पठाणकोटनंतर लष्करी ठाण्यांची सुरक्षा तपासायला लेफ्टनंट जनरल फिलिप कॅम्पोस यांची समिती बसली, भिंती उंच झाल्या, तारा वाढल्या, कॅमेरे लागले. हे सगळे योग्यच झाले.

आणि तरी २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या नेव्ही नगरमध्ये, नौदलाच्या वर्दीतला एक जण पहाऱ्यावरच्या पोराकडे गेला, मी तुला ड्यूटीवरून सोडवायला आलो आहे म्हणाला, आणि रायफल व काडतुसे घेऊन नाहीसा झाला. नंतर तेलंगणातून ती हस्तगत झाली, दोघे भाऊ पकडले गेले. भिंत, तार, कॅमेरा सगळे जागेवर होते. पहाऱ्यावरच्या पोराने समोर वर्दी बघितली आणि त्याचे समाधान झाले. मी त्या पोराला दोष देऊ शकत नाही, कारण मीही त्या जीपमध्ये चिन्हच बघितले होते.

वर्दीचे कापड बाजारात विकू नका असे लष्कराने दुकानदारांना सांगून झाले. २०२२ मध्ये नवी लढाऊ वर्दी आली, तिच्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले. फसवण्यासाठी सैनिकाचा वेष घालणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. हे असूनही वर्दी ही ओळख धरता येत नाही. गाडी ही ओळख धरता येत नाही. केसांची कटिंग, करडा आवाज, ‘तू मला ओळखत नाहीस का’ हा प्रश्न, फोनवरून ‘मी ब्रिगेडियर साहेबांच्या ऑफिसातून बोलतो आहे’ ही धमकी, यातले काहीच ओळख नाही.

म्हणून साहेब, पहिली विनंती तुम्हालाच आहे. तुमची गाडी गेटवर थांबू द्या. काच खाली करा, कार्ड काढून संत्र्याच्या हातात द्या, तो ते उलटून बघेपर्यंत बसून राहा, आणि मग त्याचा सॅल्यूट घ्या. महिनाभर रोज एवढे केलेत तर त्या गेटवरच्या प्रत्येक पोराला कळेल की हे करायचे असते. विशीतला अग्निवीर कर्नल साहेबांची गाडी स्वतःच्या हिमतीवर अडवणार नाही. त्याला ती हिंमत वरूनच मिळाली पाहिजे. मेमसाहेबांची गाडी, मुलांना शाळेत सोडणारी गाडी, मागच्या सीटवरचे पाहुणे, सगळ्यांना हेच. रांग लांबेल हे मान्य. त्यासाठी सकाळी सात ते नऊ गेटवर दोन माणसे वाढवा, गाड्यांची आणि पायी येणाऱ्यांची रांग वेगळी करा. पण लांबलेल्या रांगेचा सगळा भार पायी येणाऱ्यांच्या डोक्यावर टाकू नका.

दुसरे म्हणणे कागदांचे. कोणते ओळखपत्र चालते हे कुठल्याच गेटबाहेर स्वच्छ लिहिलेले मला सापडत नाही. एका गेटवर माजी सैनिकाचे ओळखपत्र पुरते, दुसऱ्यावर आधारही लागते, तिसऱ्यावर कॅन्टीनचे स्मार्ट कार्ड दाखवले तरी सोडतात, आणि तेच गेट पुढच्या महिन्यात गारद बदलली की वेगळे मागते. माणूस साठ-सत्तर मैलांवरून एसटीने येतो आणि इथे आल्यावर त्याला कळते. एक पाटी लावा. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. केंद्राच्या कार्यालयांच्या पाट्या स्थानिक भाषेसकट तिन्ही भाषांत असाव्यात हा नियम आहेच. गेटवरचा जवान मणिपूरचा किंवा तामिळनाडूचा असतो, आणि समोरची बाई माण-खटावची. दोघांनाही एकमेकांची हिंदी जेमतेम कळते. पाटीवर बोट ठेवून दोघांचे काम होईल. पाटीवर हेही लिहा की कागदात फरक निघाला तर कोणाला विचारायचे. गेटवरच्या पोराला ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे, ‘थांबा, मी विचारतो’ म्हणायची सोय नाही, आणि खरी कोंडी इथेच होते.

आता लायसन्स ठेवून घेण्याची पद्धत. सामान पोचवणारी पोरे मोटारसायकलवर येतात. गेटवर त्यांचे लायसन्स किंवा आधार ठेवून घेतात, नंबराचा बिल्ला देतात. पोर आत जाते. आत दुसरा नाका असतो, तिथला जवान म्हणतो ओळखपत्र दाखव. ते तर पहिल्या गेटवर! मी स्वतः एका पोराला अशा दोन नाक्यांमध्ये खेटे घालताना पाहिले आहे, पाठीवर कोणाच्या तरी घरचा प्रेशर कुकर. शिवाय तेवढा वेळ तो लायसन्सशिवाय गाडी चालवतो आहे, आणि तेही लष्कराच्याच सांगण्यावरून. अस्सल कागद माणसाच्या खिशात राहू द्या. बघा, नोंद करा, आत जाताना फोटो घ्या, बिल्ला द्या, येताना बिल्ला घ्या. आधारची पूर्ण झेरॉक्सही लागत नाही. ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात असे झाकलेले आधार मिळते, आणि कार्डावरचा क्यूआर कोड वाचून खरे-खोटे कळते. झेरॉक्सवर नाव बदलून फोटो चिकटवणे दहावीतल्या पोरालाही जमेल. तीच झेरॉक्स आपण पुरावा म्हणून फायलीत लावतो.

रजिस्टरबद्दल तर मला झोप लागत नाही. टेबलावर उघडे रजिस्टर, दोरीला बांधलेले पेन. नाव, गाव, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, कोणाकडे, कशासाठी. माझी ओळ लिहिताना मला वरच्या वीस ओळी वाचता येतात. कोणत्या क्वार्टरमध्ये कोणते साहेब राहतात, त्यांच्याकडे रोज कोण येते, कोणती बाई किती वाजता कामाला जाते, तिचा फोन काय, सगळे. आतली माहिती काढायला आलेल्या माणसाला गेटच्या आत जायचीसुद्धा गरज नाही. त्याने रांगेत उभे राहून दोनदा रजिस्टर लिहावे. गेटवर मोबाइलने फोटो काढला तर आपण माणसाला पोलिसांत देतो, आणि हे पान मात्र प्रत्येकापुढे स्वतः सरकवतो. रजिस्टर संत्र्याने लिहावे, टेबलाच्या त्याच्या बाजूला ठेवावे. याला एक पैसा लागत नाही.

कामाला येणाऱ्या बायकांची आणखी एक गोष्ट. भांडीवाल्या, पोळ्यावाल्या, बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या मावश्या. पिशवीची झडती रोज, यायला-जायला दोनदा, आणि ती असलीच पाहिजे. पण पुष्कळ गेटवर ती झडती पुरुष जवान घेतो. पिशवीत काय काय असते ते सांगायला नको, आणि ते सगळ्या रांगेपुढे टेबलावर पडते. संत्र्यालाही संकोच होतो, मग तो नीट बघत नाही, म्हणजे बाईची लाजही जाते आणि झडतीही होत नाही. मिलिटरी पोलिसांत बायकांची पहिली तुकडी, ८३ जणींची, २०२१ मध्ये बंगळुरूहून बाहेर पडली. प्रत्येक गेटला तशी एक जण लगेच मिळणार नाही हे कळते. पण गर्दीच्या दोन तासांपुरती एक बाई आणि एक पडदा कोणत्याही ठाण्याला जमण्यासारखा आहे.

या बायका, दूधवाले, गवंडी, माळी हे ठाण्याचे परके नाहीत. गडाचे दार आणि गडावर दूध घालणारी बाई यांची गोष्ट आपल्याकडे लहान मूलही सांगेल. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, हिरकणीने विनवण्या केल्या, गडकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही. त्यांचे बरोबरच होते, हुकूम हुकूम असतो. घरी तान्हे बाळ म्हणून ती काळोखात कडा उतरून गेली. महाराजांना कळले तेव्हा, आख्यायिका सांगते, त्यांनी तिचा सन्मान केला आणि ज्या कड्यावरून ती उतरली तिथे बुरूज बांधून तिचे नाव दिले. मी पहाऱ्यावरचा माणूस, मला ही गोष्ट नेहमी पहाऱ्याच्या अंगाने दिसते. पहारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही. दरवाजाची वेळ बदलली नाही. पण एका गवळणीमुळे गडाची फट कळली, ती बुजवली गेली, आणि तिला चोर ठरवले गेले नाही. गेटवर रोज येणाऱ्या बाईला ठाण्याची फट तुमच्या-माझ्याआधी दिसते. कोणता कुंपणाचा कोपरा तुटला, कोणते नवे तोंड आठवडाभर फिरते आहे, तिला ठाऊक असते. तिच्याशी गेटवर नीट बोलणारा कोणी असेल तर ती सांगेल. मी ड्यूटीवर असताना मला अशा दोन गोष्टी कळल्या, दोन्ही भाजीवालीकडून.

कँटोन्मेंटच्या रस्त्यांचा वाद मोठा आहे आणि मी त्यात फार शिरत नाही. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, छत्रपती संभाजीनगर, सातही ठिकाणी लोकवस्ती आणि फौज एकमेकांत मिसळलेली आहे. कँटोन्मेंट कायद्याचे कलम २५८ सांगते की रस्ता कायमचा बंद करायचा तर सुरक्षेचेच कारण हवे, लोकांना नोटीस देऊन हरकती मागवायला हव्यात आणि वरची मंजुरी हवी. २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने बंद रस्ते उघडायला सांगितले तेव्हा देशभर पुष्कळ माजी अधिकारी आणि कुटुंबे नाराज झाली. मला त्यांची भीती समजते, कालूचक मी विसरलेलो नाही. पण रस्ता बंद करून गेटवर ढिलाई ठेवण्यापेक्षा रस्ता उघडा ठेवून क्वार्टरच्या दारात पक्की तपासणी केलेली मला जास्त भरवशाची वाटते.

गेटवरच्या पोरांसाठीही मागायचे आहे. दोन तास ड्यूटी, चार तास आराम हे कागदावर. नफरी, म्हणजे माणसे, कमी पडली की ते कुठे राहते, तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात कामठीला डोक्यावर पत्रा, अंगावर जाकीट आणि हातात रायफल घेऊन उभे राहणाऱ्या पोराकडून प्रत्येक कार्डावरचा फोटो नीट बघून घ्यायचा असेल तर त्याला पाणी, पंखा आणि वेळेवर सोडवणारा माणूस हवा. आणि सोडवणारा येईल तो गार्ड कमांडरबरोबरच येईल, एकटा येणार नाही, एवढी एक गोष्ट रोज फॉलइनला, म्हणजे हजेरीला, म्हणून घ्या. नेव्ही नगरनंतर तरी घ्या.

त्या जवानाचे तोंड मला अजून आठवते. वहिनी आत गेल्या तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “उस्ताद, मेरी भी माँ का नाम दो है.” त्याला वाईट वाटले होते. आपण काय करायला हवे होते हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

वहिनींच्या नावातला बदल राजपत्रात छापून यावा म्हणून अर्ज केला आहे, प्रतिज्ञापत्र जोडले आहे, रेकॉर्ड ऑफिसलाही कळवले आहे. ते हाती यायला वेळ लागेल आणि डोळा तोवर थांबणारा नाही. पॉलिक्लिनिकची पुढची तारीख महिनाअखेरचा मंगळवार आहे. आम्ही पहाटेच्या एसटीने निघू आणि साडेनऊला गेटवर असू. कार्ड, आधार, डिस्चार्ज बुक, प्रतिज्ञापत्राची प्रत, सगळे त्याच पिशवीत असेल.

आपला,
एक निवृत्त हवालदार
खटाव तालुका, जिल्हा सातारा